वळूची भाषा: फ्लॅट टॉप्समधले सहा दिवस

शनिवार, १३ सप्टेंबर

धनुष्यबाणाने एल्कची, म्हणजे सांबराच्या कुळातल्या मोठ्या हरणाची, शिकार करायला कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून अंधारातच निघालो. पूडर नदीच्या घळीतून चढत कॅमेरॉन पास, तिथून वॉल्डन, पुढे गोर पास ओलांडून टोपोनास आणि मग यांपा. वॉल्डनच्या अलीकडे विलोच्या झुडपांत एक मूस, एल्कहूनही थोराड हरीण, गुडघाभर पाण्यात चरत उभा होता. कोलोरॅडोत मूस मुद्दाम आणून सोडले ते १९७८ साली, याच खोऱ्यात. आता ते इतके पसरलेत की एल्क समजून मूसवर बाण किंवा गोळी चालवणारे महाभाग दरवर्षी निघतात. "आधी बघायचं, मग ओळखायचं, मग पुन्हा बघायचं," असं बुवा गाडी चालवता चालवता म्हणाले.

बुवा म्हणजे आमचे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. बुवा हे नाव मी ठेवलंय, त्यांना ठाऊक नाही. एल्कला साद घालायची नळी तोंडाशी धरण्याआधी ते घसा साफ करतात, एक हात कानामागे नेतात आणि डोळे मिटतात. आता अभंग सुरू होणार असंच वाटतं.

माझा हा दुसरा हंगाम. पहिल्या वर्षी मी नुसता त्यांच्या मागून चाललो होतो. यंदा ठरलं होतं की साद मी घालायची आणि बाण त्यांनी सोडायचा. परवाने दोघांकडेही आहेत. त्यासाठी मी गेल्या वर्षी शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम केला. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो इथे सक्तीचा आहे. बुवा पन्नासच्या दशकातले, त्यामुळे त्यांनाही करावा लागला होता, याचं मला उगाचच बरं वाटतं.

साद घालायचं मुख्य हत्यार म्हणजे घोड्याच्या नालाएवढीही नाही, बिस्किटाएवढी चकती. तिच्यात लेटेक्सचा पातळ पडदा असतो. ती टाळूला चिकटवायची आणि जिभेने दाबत फुंकायची. पहिला आठवडा नुसते उमासे आले. मग मी गाडीत सराव करू लागलो. "अरे, सिग्नलला तरी थांबव, शेजारच्या गाडीतली माणसं बघतायत," ही बायकोची तक्रार जुलैपासून चालू होती.

बेअर नदीच्या रस्त्याने वर येऊन रानाच्या हद्दीपाशी तंबू टाकला. उंची साधारण साडेनऊ हजार फूट, श्वास लागतोच. फ्लॅट टॉप्स हे नावाप्रमाणे सपाट माथ्यांचं पठार. सह्याद्रीतल्या सड्यांची आठवण व्हावी असं, फक्त कडेला करवंदांऐवजी स्प्रूस. याच रानातल्या ट्रॅपर्स लेकवर १९१९ साली वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या माणसाला उन्हाळी बंगल्यांची आखणी करायला पाठवलं होतं. त्याने परत जाऊन सांगितलं की इथे काहीही बांधू नका. १९७५ मध्ये हे सगळं रान कायद्याने राखीव झालं. परिणाम असा की आत चाकाचं काहीही न्यायला बंदी, ढकलगाडीसुद्धा नाही. ही गोष्ट सहाव्या दिवशी पाठीला कळली.

रात्री नऊच्या सुमारास एल्कच्या नराचा पहिला आवाज आला. इंग्रजीत याला बिगूल म्हणतात, पण बिगुलाशी त्याचं काही नातं नाही. घशाच्या तळातून डुरकणी निघते, चढत चढत तिची कानात घुसणारी शीळ होते, आणि शेवटी पोटातून चार-पाच हुंदके, खॉ-खॉ-खॉ. तीनशे किलोंच्या जनावराच्या तोंडून इतकी बारीक शीळ निघते यावर दुसऱ्या वर्षीही विश्वास बसत नाही.

मला मात्र दर वेळी आमच्या गावचा देवाला सोडलेला वळू आठवतो. तोही ओढ्यापलीकडे दुसरा बैल दिसला की असाच डुरकायचा, बांधाची माती शिंगांनी उधळायचा, वारूळ फोडायचा. मारामारी क्वचितच व्हायची. आजोबा म्हणायचे, "तो भांडत नाही रे, तो सांगतोय." काय सांगतोय ते मी कधी विचारलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

सूर्योदय पावणेसातच्या आसपास. त्याआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी. आम्ही साडेपाचलाच एका सोंडेवर जाऊन बसलो. मी नळीतून एक लांब, सरळ साद घातली. शेवटचे हुंदके नाहीत, खरखर नाही. ही साद म्हणजे नुसतं "मी इथे आहे, तिथे कोण आहे?" असं विचारणं.

उत्तर लगेच आलं. खालच्या ॲस्पेनच्या पट्ट्यातून, अर्ध्या मैलावरून. माझे हात थरथरले. मी पुन्हा साद घातली, त्याने पुन्हा उत्तर दिलं. आम्ही उतरू लागलो. दर पाच मिनिटांनी मी विचारायचो, तो सांगायचा. मला वाटलं, काय रंगलाय संवाद! तासाभरात लक्षात आलं की आवाज काही जवळ येत नाहीये. आम्ही अर्धा मैल उतरलो होतो आणि तो अजून अर्ध्या मैलावरच होता. मग एक डोंगरधार ओलांडून तो गप्प झाला.

बुवा एका आडव्या ओंडक्यावर बसले आणि थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाले, "त्याने तुला पहिल्यांदा काय सांगितलं?"

"की तो तिथे आहे."

"आणि दुसऱ्यांदा?"

मी पुन्हा तेच सांगितलं.

"दुसऱ्या वेळी त्याच्या आवाजाला शेपूट होतं. आखूड, घाईचं. ते तुझ्यासाठी नव्हतं. तो माद्यांना हाकत होता."

आता ऐकलेलं आठवू लागलं. मधूनच फांद्या मोडल्याचा आवाज आला होता, माद्यांचं मांजरासारखं मियाँव-मियाँव झालं होतं. त्याच्यापाशी दहा-पंधरा माद्या असणार. अशा नराला अर्ध्या मैलावरून आव्हान दिलं की तो भांडायला येत नाही. यायचं कशाला? जे हवं ते त्याच्यापाशी आहेच. तो कळप गोळा करतो आणि चालू पडतो. शिवाय कुठे जायचं ते बहुतेकदा एखादी म्हातारी मादी ठरवते, तो नुसता मागून डुरकत असतो. मी जितका बोललो तितकं त्याला घर आवरून निघायचं कारण मिळालं.

असा नर गाठायचा तर एकदाच विचारायचं, दिशा घ्यायची आणि तोंड बंद करून चालायचं. तो जिथे बसणार तिथे शंभर पावलांच्या आत पोचल्यावरच पुढचा शब्द. तिथे मात्र आव्हान चालतं, कारण तेव्हा तुम्ही परके राहत नाही, तुम्ही दारात उभे असता.

सोमवार, १५ सप्टेंबर

ऊन. दिवसभर एकही आवाज नाही. पहाटे कुणी बोललं असेल तर ते आम्ही झोपेत असताना.

दुपारी एका पाणथळीपाशी बसलो. तिथे नराने लोळून केलेला चिखलाचा हौद होता, काठाला माजाचा उग्र दर्प. माजावर आलेला नर स्वतःच्याच पोटावर मुततो, त्यात लोळतो आणि मान काळी करून हिंडतो. अत्तर लावून हिंडणाऱ्या नवरदेवापेक्षा फार वेगळं नाही. बाजूच्या स्प्रूसची साल छातीच्या उंचीपर्यंत सोललेली होती, डिंक अजून ओला. चार तासांत एक कोवळा नर आला. दोन सरळ सुळक्यांसारखी शिंगं, टोकं नाहीत. इथल्या नियमाप्रमाणे एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळावरचं टोक पाच इंचांचं. पाणी पिऊन तो गेला.

संध्याकाळी मात्र दूरवरून झकास साद आली. मी उत्तर दिलं, तिकडूनही आलं. बरोबर नव्वद सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा नव्वद सेकंदांनी. बुवा हसायला लागले. खऱ्या नराला घड्याळ नसतं. वीस मिनिटांनी झाडीतून नारिंगी टोपी घातलेला एक गृहस्थ बाहेर आला, खांद्यावर ठासणीची बंदूक. सप्टेंबरच्या मध्यात त्यांचाही हंगाम असतो, आणि त्यांना भडक नारिंगी किंवा गुलाबी सक्तीचं. तोही आम्हाला एल्क समजून येत होता. एकमेकांना हात हलवला आणि दोघंही ओशाळून उलट्या दिशांनी गेलो.

मंगळवार, १६ सप्टेंबर

हा दिवस वाऱ्याचा.

पहाटे थंड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते. ऊन लागलं की तीच वर चढू लागते. मधला तासभर ती कुणाचीच नसते, कधी इकडे तर कधी तिकडे. खिशातल्या बाटलीतून चिमूटभर टाल्कम उडवायची आणि बघायचं. साडेआठला आम्ही कळपापासून सव्वाशे पावलांवर होतो. नर दिसत नव्हता, पण त्याचे हुंदके छातीत जाणवत होते. मी टाल्कम उडवली, धूर समोर गेला. मी आणखी थांबायला हवं होतं. बुवांनी बोटाने "थांब" केलं तोवर मानेला मागून झुळूक लागली.

एक मादी भुंकली. हो, भुंकलीच. आखूड, कोरडा, टणक आवाज. ताडोबात सांबराचा 'ढाँक' ज्याने ऐकलाय त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. अर्थ तोच, फक्त इथे वाघाच्या जागी मी. पाच सेकंदांत पंधरा जनावरं ओंडक्यांवरून खडखडाट करत गेली.

भुंकणारीला उलट भुंकून थोपवता येतं, असं काही जण म्हणतात. नजरेने बिचकली असेल तर कधी जमतही असेल. वासाला उत्तर नाही. बुवांनी नळी पाठीला अडकवली आणि आम्ही दुपारभर झोपलो.

बुधवार, १७ सप्टेंबर

सकाळी सात वाजता वेगळाच नर भेटला. मी मादीची साद घातली, नाकातली, लाडीक. तो तिरिमिरीने उत्तरला. माझा आवाज पुरा व्हायच्या आतच तो मध्ये तोंड घालत होता. समोरचा असं मध्येच तोडून बोलू लागला की तो यायच्या बेतात आहे. आणि तो आलाही, शंभर पावलं, ऐंशी, सत्तर. मग एका दाट स्प्रूसमागे थांबला.

बुवा माझ्या पुढे पंचवीस पावलांवर, झुडपाच्या पुढे बसले होते. मागे बसलं तर बाण सोडायला वाट मिळत नाही, म्हणून पुढे. मी जागचा न हलता साद घालत राहिलो. त्याने शिंगांनी एक कोवळं झाड अक्षरशः पिंजून काढलं. पानं उडताना दिसत होती. किंचाळला, हुंदके दिले, पुन्हा झाड झोडपलं. वीस मिनिटं हा तमाशा चालला. मी वरची पट्टी लावली, तर त्यानेही लावली. मग तो एकाएकी वळला आणि शांतपणे निघून गेला.

मी चिडलो होतो. "एवढा तापलेला होता, आला का नाही?"

बुवांनी मला तो उभा होता त्या जागी नेलं. तिथून मी बसलो होतो ती मोकळी जागा स्वच्छ दिसत होती.

"त्याने इथून बघितलं. आवाज आहे, मादी नाही. त्यांच्यात नर बोलावतो आणि मादी जाते. तो त्याच्या हिशेबाने निम्म्याहून जास्त आला. आता तिने यायचं. तू वीस मिनिटं एका जागेवरून ओरडतोस. कुठली मादी असं करते?"

तेव्हा मला वारूळ फोडणारा वळू आठवला. मी या झाड झोडपण्याला राग समजलो होतो. राग असता तर तो आलाच असता. तो मिरवत होता, ओढ्यापलीकडे उभं राहून. आपण त्याच्याहून जोरात ओरडायचं म्हणजे ओढ्याच्या अलीकडे आणखी एक मिरवणारा उभा करायचा. मग दोघंही मिरवत राहतात.

संध्याकाळी तंबूपाशी बसून मी हे सगळं वहीत लिहिलं. बुवा म्हणाले, "लिहू नकोस, उद्या विसरून वेगळंच करावं लागेल." आणि चष्मा काढून झोपले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पहाटे दव गोठलं होतं. मंगळवारच्या कळपाचा आवाज परत आला, त्याच खोऱ्यातून. या वेळी मी एकही साद घातली नाही. नुसता ऐकत चाललो, दीड तास. वारा नाकावर.

शंभरेक पावलांवर पोचलो तेव्हा आत नुसता गोंधळ होता. एखादी मादी माजावर आली असावी. थोरला नर आता शीळ घालत नव्हता, सारखे हुंदके आणि घशातून पाण्याचा बुडबुडा फुटावा तसा 'ग्लंक' आवाज. तो आवाज फक्त माद्यांसाठी असतो. अशा नराला काहीही सांगा, त्याला ऐकायला फुरसत नाही. पण कळपाच्या कडेने दुसरा एक आवाज फिरत होता. पातळ, अपुरा, मधेच तुटणारा. तरणा नर. अशांना इथे सॅटेलाइट म्हणतात, कारण ते कळपाभोवती घिरट्या घालतात आणि थोरल्याचं लक्ष चुकवून काही मिळतं का बघतात.

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी बोटाने कडेकडे दाखवलं. त्यांनी मान डोलावली. पाच दिवसांत त्यांनी माझ्याशी सहमत व्हायची ही पहिलीच वेळ.

ते एका पडक्या ओंडक्यापुढे बसले. जागा त्यांनी अशी निवडली की समोर छोटा उंचवटा, आणि तो चढून डोकावल्याशिवाय मला बघायची सोयच नाही. डोकावला की तो बाणाच्या टप्प्यात. मी एकदा मादीसारखी साद घातली, कळपातून भरकटलेलीसारखी. त्याचा आवाज थांबला. मी पन्नास पावलं मागे गेलो, मुद्दाम काटक्या मोडत. तोंड उलट दिशेला करून आणखी एक साद, आधीपेक्षा हळू. निघून चाललेल्या मादीसारखी. मग एक वाळकं लाकूड घेऊन झाडाच्या खोडावर दोन-तीनदा घासलं, म्हणजे तिच्यामागे दुसरा कुणी लागलाय असं वाटावं.

आणि गप्प बसलो.

ही पुढची अकरा मिनिटं मी घड्याळात मोजली. तोंडातली चकती जिभेला टोचत होती. पुन्हा एकदा साद घालावीशी वाटली, तीनदा. रानात खार बोलली, थोरला दूर ग्लंकत राहिला. तरणा नर एक अवाक्षर बोलला नाही. मला वाटलं, गेला.

मग दोरीचा 'थप्' आवाज आला आणि मागोमाग खुरांचा दणदणाट. मी ताबडतोब मादीची साद घातली, बाण लागलेलं जनावर कधी कधी तेवढ्याने थांबतं. दणदणाट थांबला. थोड्या वेळाने एकदाच काहीतरी जड पडल्याचा आवाज.

बुवांनी तिथेच तासभर बसवून ठेवलं. मी त्याला पाहिलंच नव्हतं. अठ्ठावीस यार्डांवर, ते म्हणाले, उंचवट्यावरून डोकं काढलं, शरीर आडवं केलं आणि मादी कुठे गेली ते बघू लागला. येताना त्याच्या पायाखाली एक काटकी मोडली नाही. पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त होतं, म्हणजे फुप्फुस. ऐंशी पावलांवर तो पडला होता. एका बाजूला पाच टोकं, दुसऱ्या बाजूला पाच.

परवान्याची चिठ्ठी फाडून सही केली. मग सुरे. माझ्या हाताला हे काम नवीन होतं आणि बुवा सुतारासारखे नीटनेटके, एकही उलटा घाव नाही. चारही पाय, पाठीचे पट्टे, आतली कोवळी पट्टी, यातलं काहीही रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. लिंगाची खूण मांसाला लागलेली ठेवावी लागते. वरच्या जबड्यातले दोन सुळे बुवांनी काढून रुमालात बांधले. यांना इथे हस्तिदंतच म्हणतात, आणि खरंच तसे दिसतात.

गाडीपर्यंत साडेचार किलोमीटर, मध्ये दोन चढ. ढकलगाडी चालत नाही हे वर सांगितलंच आहे. मांसाच्या पिशव्या सावलीत, उंच टांगून ठेवल्या, अस्वलांपासून दूर. पहिली खेप संध्याकाळी सहाला सुरू केली. माझ्या पाठीवर पंचवीसेक किलो. दुसरी खेप रात्री अकराला संपली. तिसरी सकाळी. दुसऱ्या खेपेत, अंधारात, वरच्या कडेवरून थोरल्याची पूर्ण शीळ आली, डुरकणीपासून हुंदक्यांपर्यंत. बुवा थांबले, दिवा मालवला. माझी नळी मांसाच्या पिशव्यांखाली कुठेतरी होती. त्याने तीनदा विचारलं. आम्ही पाठीवरचं वजन सावरत उभे राहिलो.

मंगळवार, ३० सप्टेंबर, फोर्ट कॉलिन्स

डोकं राज्याच्या वन्यजीव खात्याच्या कार्यालयात तपासायला दिलं होतं. हरणांना होणारा, मेंदू सडवणारा एक रोग आहे. तो पहिल्यांदा आढळला १९६७ साली, इथेच, फोर्ट कॉलिन्समध्ये बंदिस्त ठेवलेल्या हरणांत. माणसाला तो झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरी रोग निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असंच सगळे सांगतात. त्यामुळे बारा दिवस फ्रीझर भरलेला आणि आम्ही वरणभात खात होतो. आज सकाळी निकाल आला, रोग आढळला नाही.

संध्याकाळी बुवांना जेवायला बोलावलं. या मांसात चरबी जवळपास नसतेच, भाजलं तर बुटाचं कातडं होतं. बायकोने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून ते सरळ कुकरला चढवलं. बुवा स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभे होते. त्यांनी कुकर आधी कधी ऐकला नव्हता.

पहिली शिट्टी बारीक, अर्धवट, मधेच तुटली.

बुवांनी डोळे मिटले, एक हात कानामागे नेला. "सॅटेलाइट," ते म्हणाले. "हलू नका कुणी. अजून यायचाय."